दिव्यांग मुली-महिलांच्या सौंदर्य स्पर्धेत जज व्हायचंय? नागपुरातून सारखे येणारे प्रश्न

दिवाळी संपली की ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमांची धावपळ नागपुरात सुरू होते आणि त्यात कुठल्या ना कुठल्या संस्थेला वाटतं की यंदा आपल्या मुलींसाठी स्पर्धा घेऊ, ताज, सॅश, रॅम्पवॉक, सगळं. मग जज शोधतात, कोणी डॉक्टर, कोणी पार्लरवाली ताई, कोणी कॉलेजच्या मॅडम, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे मेसेज मला येतात. तेच उत्तर परत परत टाईप करण्यापेक्षा एकदा इथे लिहून ठेवते. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. ताई, ही खरंच सौंदर्य स्पर्धा असते की नुसता कौतुक सोहळा?

दोन्ही प्रकार चालतात, म्हणून हो म्हणायच्या आधी आयोजकांना हेच विचारा. अमेरिकेत १९७२ मध्ये डॉ. फिलिप वूड यांनी मिस व्हीलचेअर अमेरिका सुरू केली, तिथे चेहरा-बांधा बघतच नाहीत, अपंग लोकांच्या वतीने कोण नीट बोलू शकेल ते बघतात. २००७ मध्ये नेब्रास्कात सुरू झालेली मिस अमेझिंग खास अपंगत्व असलेल्या मुली आणि महिलांसाठी आहे, तिथे भर आत्मविश्वासावर. २०१७ ची मिस व्हीलचेअर वर्ल्ड पोलंडमध्ये वॉर्सात झाली तेव्हा ताज बेलारूसच्या अलेक्झांड्रा चिचिकोवाला मिळाला. आपल्याकडची विदिशा बालियन २०१९ मध्ये मिस डेफ वर्ल्ड झाली. यातली प्रत्येक स्पर्धा वेगळं काहीतरी मोजते, तेव्हा तुमच्या स्पर्धेत काय मोजायचंय ते कागदावर लिहून मागा. आयोजक म्हणाले "तुम्ही या तर खरं, मग बघू", तर मी जात नाही.

२. मला अपंगत्वाबद्दल काहीच माहिती नाही, तरी जज झाली तर चालेल का?

चालेल, पण पॅनेलवर किमान एक अपंग बाई हवीच, आणि ती शोभेसाठी नको, तिचे मार्कही बाकीच्यांइतकेच मोजले गेले पाहिजेत. नागपुरात अशा बायका शोधाव्या लागत नाहीत, बँकेत आहेत, शाळांमध्ये शिकवतात, वकिली करतात. स्पर्धेच्या आधी सगळ्या जजेसची तासभर मीटिंग घ्या आणि खालचे ५, ७ आणि ९ ते १३ हे प्रश्न तिथे वाचून काढा. मीटिंगला वेळ नाही म्हणणाऱ्या मोठ्या माणसाला जज करू नका, पाहुणा म्हणून बोलवा.

३. भाग कोण घेऊ शकतं? आणि सर्टिफिकेट जजने बघायचं का?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होती. म्हणजे आता अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुली, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, ठेंगणेपणा असलेल्या, ऑटिझम, थॅलेसेमिया, सिकलसेल असे रक्ताचे आजार, सगळं यात येतं. सरकारी योजनांना बहुतेक ठिकाणी सर्टिफिकेटवर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, पण स्पर्धा काही सरकारी योजना नाही, आयोजकांनी ठरवलं तर ४० च्या खालच्या मुलीही येऊ शकतात.

सर्टिफिकेट किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) बघायचं काम नोंदणीच्या टेबलावरचं. जजच्या हातात टक्केवारी पोचलीच नाही पाहिजे. ८० टक्के वाचलं की पुढच्या मुलीकडे बघायची नजर आपोआप बदलते, ते मी बऱ्याच चांगल्या चांगल्या माणसांच्या बाबतीत बघितलंय.

४. मार्क कशाकशाचे ठेवायचे?

आम्ही १०० पैकी असे वाटतो: मुलाखत ४०, तिने निवडलेलं सादरीकरण ३० (गाणं, नाच, चित्र, कविता, स्वयंपाकाचा डेमो, काहीही), स्टेजवरचा वावर २० आणि पोशाख १०. पोशाखाला मुद्दाम कमी ठेवलेत कारण तिथे मार्क जास्त असले की ज्यांची सीताबर्डीत जाऊन लेहंगा घ्यायची ऐपत आहे त्याच पुढे जातात. आणि पोशाखाचे १० सुद्धा किमतीला नाही, तिने स्वतः काय विचार करून निवडला त्याला. दिसण्याला, रंगाला, उंचीला शून्य. आयोजकांच्या स्कोअरशीटमध्ये 'चेहरा' असा कॉलम दिसला तर काढायला लावा.

५. एक मुलगी व्हीलचेअरवर, दुसरी अंध, तिसरीला डाऊन सिंड्रोम. यांची तुलना करायची कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरंच अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीची मुलीशी तुलना करायचीच नाही. स्कोअरशीटवर जे लिहिलंय त्याच्याशी तिला ताडून बघायचं. पण त्यासाठी स्कोअरशीटवरची वाक्यं आधी सुधारावी लागतात. 'चालण्यातली ऐट' असं लिहिलं की व्हीलचेअरवाली तिथेच बाद. त्याऐवजी लिहा, स्टेजवरचा वावर: प्रेक्षकांकडे लक्ष आहे का, घाई करते का, वळण तिच्या ताब्यात आहे का, थांबायचं तिथे थांबते का. आता हे चाकांवर पण होतं, कुबड्यांवर पण होतं, कोणाचा कोपर धरून पण होतं. तसंच 'उच्चार स्पष्ट' नको, 'तिला काय म्हणायचंय ते पोचलं का' असं हवं, मग ते हातांनी पोचो, मोबाईलच्या आवाजाने पोचो नाहीतर चित्रांच्या बोर्डवर बोट ठेवून पोचो. 'नजरेला नजर' हे वाक्य तर सरळ काढा, अंध मुलगी काय करेल आणि ऑटिझमवाल्या मुलीला ते किती जड जातं.

दुसरं म्हणजे स्पर्धा सुरू व्हायच्या आधी जजेसनी बसून ठरवायचं की १० पैकी ५ म्हणजे काय आणि ८ म्हणजे काय. नाहीतर पहिल्या मुलीला सगळे हात राखून मार्क देतात, पुढे कोणी अजून चांगली आली तर म्हणून, आणि तिचं नुकसान होतं. आम्ही पहिल्या तीन मुली झाल्या की दोन मिनिटं थांबतो आणि त्यांचे मार्क परत बघतो.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे पण निकाल तीच फिरवते. एक जज सगळ्यांना ६ ते ८ मध्येच देतो आणि दुसरा २ पासून १० पर्यंत फिरतो. नुसती बेरीज केली तर निकाल एकट्या दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून प्रत्येक जजच्या मार्कांवरून आधी त्याचे नंबर काढा, पहिली, दुसरी, तिसरी असे, आणि मग त्या नंबरांची बेरीज करा. ज्या मुलीची बेरीज सगळ्यात कमी ती वर. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

६. पण जिला जास्त त्रास तिला थोडे जास्त मार्क दिले तर बिघडलं काय?

खूप बिघडतं. एकदा का मुलींना कळलं की दुःखाला मार्क आहेत की पुढच्या वर्षी प्रत्येक जण ऑपरेशनची, बापाने टाकल्याची गोष्ट पाठ करून येते, आणि जी पोरगी मजेत जगतेय, बीकॉम करतेय, मैत्रिणींसोबत फुटाळा तलावावर फिरतेय, तिला वाटतं आपल्याकडे सांगायला काही नाही. स्टेला यंग नावाची ऑस्ट्रेलियन पत्रकार होती, स्वतः व्हीलचेअर वापरायची. २०१४ मध्ये सिडनीच्या एका भाषणात तिने सांगितलं होतं की अपंग माणसं बाकीच्यांना प्रेरणा द्यायला जन्माला आलेली नाहीत. मला ते पूर्ण पटतं. मुलीला अडचण असेल तर ती आधी दूर करा, वेळ वाढवून द्या, दुभाषी द्या, उतार बांधा. अडचण दूर झाली की मग मार्क तिच्या कामाचेच द्या, एकही जास्त नको आणि एकही कमी नको.

७. मुलाखतीत काय विचारावं आणि काय विचारू नये?

मी साधारण असं विचारते: सध्या काय करतेस, कशात रमतेस, तुझ्या मोहल्ल्यात एक गोष्ट बदलायची असेल तर कुठली, तुला कोणी चुकीचं समजलं तर काय करतेस, हा ताज मिळाला तर वर्षभरात काय करशील. पोह्यांच्या ठेल्यावर मैत्रिणीशी बोलावं इतकं साधं बोला, मुली लगेच खुलतात.

हे विचारू नका: "हे कसं झालं?", "जन्मापासून आहे का?", "लग्नाचं काय?", "आंघोळ वगैरे कोण घालतं?", "बरी होशील का?". तिने स्वतः विषय काढला तर ऐका, पण खोदून विचारायचं नाही. मोठ्या बाईला एकेरीत बोलायचं नाही. पस्तीस वर्षांची बाई व्हीलचेअरवर बसली म्हणून तिला "बेटा" म्हणणारे जज मी बघितलेत, ते थांबलंच पाहिजे. अपंगत्वावर प्रश्न हवाच असेल तर सगळ्यांना सारखा विचारा, उदाहरणार्थ नागपूरच्या बसमध्ये, मेट्रोत, सरकारी ऑफिसात काय सुधारलं पाहिजे. यावर इतकी मुद्देसूद उत्तरं येतात की अधिकाऱ्यांनीच ऐकायला बसावं.

८. मुलगी शुद्ध मराठी बोलत नाही, हिंदी मिसळते, वऱ्हाडीत बोलते. मार्क कापायचे का?

नाही. काटोल, उमरेड, रामटेककडून मुली येतात, इतवारीतल्या घरात हिंदी बोलतात, गडचिरोलीकडच्या एखादीची घरची भाषा गोंडी असते. "मी शिकून राहिली" हे वाक्य बरोबरच आहे. उलट एक धोका सांगते, इंग्रजीत फाडफाड बोलणाऱ्या मुलीला जज नकळत दोन मार्क जास्त देतात. उत्तरात काय होतं ते एका ओळीत लिहा आणि मग मार्क द्या, म्हणजे भाषेची भुरळ पडत नाही.

९. कर्णबधिर मुलीची मुलाखत कशी घ्यायची?

भारतीय सांकेतिक भाषेचा शिकलेला दुभाषी लागतो, आणि तो आयोजकांनी आणायचा, मुलीच्या बहिणीवर ढकलायचं नाही. शहरातल्या कर्णबधिर शाळांमध्ये चौकशी केली तर माणूस मिळतो, फक्त महिनाभर आधी विचारा, डिसेंबरात सगळे त्यांनाच बोलावतात. प्रश्न मुलीकडे बघून विचारा, दुभाष्याकडे बघून "तिला विचारा की…" असं नको. दुभाषी तुमच्या बाजूला बसवा म्हणजे तिला दोघंही एका नजरेत दिसतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उजेड हवा, मागे झगमगणारा पडदा नको.

वेळ दीडपट द्या कारण बोलणं दोनदा होतं. ती ओठ वाचत असेल तर तोंडासमोर माईक किंवा कागद धरू नका आणि ओरडू नका, ओरडलं की ओठांचा आकारच बदलतो. दुभाष्याची मराठी अडखळली तर तो तिचा दोष नाही, हे सगळ्या जजेसना आधीच सांगून ठेवा. आणि टाळ्या दोन्ही हात वर करून हलवून द्यायच्या, सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच प्रेक्षकांना शिकवलं तर अख्खा हॉल करतो.

१०. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं समजत नाही, समजल्यासारखं मान हलवली तर?

तिला कळतं. तिने आयुष्यभर अशा माना बघितलेल्या असतात. सरळ म्हणा, "मला शेवटचं कळलं नाही, परत सांगतेस का?" दोनदा, तीनदा विचारलं तरी चालतं. जेवढं कळलं तेवढं तुम्ही बोलून दाखवा, मग ती पुढचं सांगेल. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मोबाईलवर टाईप करून किंवा बोर्डवर दाखवून उत्तर देणार असेल तर ते टाईप करायचा वेळ घड्याळातून वगळा. आणि बोलणं संथ म्हणजे बुद्धी संथ असं धरून सोपे प्रश्न विचारायला लागू नका, तो सरळ अपमान आहे.

११. मुलीच्या आधी आईच उत्तर देते, काय करावं?

आईला दोष देऊ नका, ती पंधरा-वीस वर्षं दवाखान्यात, शाळेत, ऑफिसात हिच्या वतीने बोलत आलीय. पण मार्क मुलीचे आहेत. आम्ही आईला मागच्या बाजूला खुर्ची देतो, मुलीला ती दिसेल पण मुलीला आईकडे बघून उत्तर शोधायला सोपं जाणार नाही अशी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा. "आवडतं की नाही" असा होय-नाही प्रश्न टाळा कारण पुष्कळ मुली समोरच्याला बरं वाटावं म्हणून होच म्हणतात, त्यापेक्षा "काय आवडतं" विचारा किंवा दोन फोटो दाखवून निवडायला सांगा. मग गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता जजेसनाच जास्त टोचते, तिला नाही. आईने सांगितलेलं उत्तर तिने नुसतं परत म्हटलं तर मार्क देऊ नका, पण तिला दुसरा प्रश्न जरूर द्या.

१२. दृष्टिहीन मुलीला रॅम्पवर कसं आणायचं? आणि तिच्याशी बोलताना काय?

मुलाखतीच्या आधी प्रत्येक जजने स्वतःचं नाव सांगून दोन वाक्यं बोलायची, म्हणजे आवाज कुठून येतो ते तिला कळतं. मान हलवून "हं" करू नका, तोंडाने बोला. उठून गेलात तर सांगून जा. रॅम्पवर तिला पांढरी काठी घेऊन यायचं असेल तर काठी, कोणाला धरून यायचं असेल तर तीच समोरच्याचा कोपर धरेल, तिला मागून ढकलत आणायचं नाही. आदल्या दिवशी रिकाम्या स्टेजवर दोन-तीनदा फिरू द्या आणि कडेपासून आत चार फुटांवर जाड दोरी चिकटवून त्यावर टेप मारा, पायाला लागते. ही सोय नसेल तर वावराचे मार्क देणं अन्याय आहे, आधी सोय करा. काठी किंवा सोबत घेतल्याबद्दल काहीही कापायचं नाही.

१३. व्हीलचेअरसाठी हॉल कसा बघायचा? आयोजक म्हणतात चार पोरं उचलून ठेवतील.

उचलून ठेवायचं नाही. नटूनथटून आलेल्या बाईला चार अनोळखी पोरांनी हात घालून उचलायचं आणि वरून लोकांनी टाळ्या वाजवायच्या, यात तिची काय शोभा राहते? उताराचं प्रमाण १ ला १२ हवं, म्हणजे स्टेज ३ फूट उंच असेल तर उतार ३६ फूट लांब. बहुतेकदा तेवढी जागा नसतेच, आणि मग फळी टाकून खडा उतार करतात, तो तर अजून धोक्याचा. सोपा उपाय म्हणजे स्टेज सोडून द्या, खाली सपाट जमिनीवर गालिचा न टाकता रॅम्प आखा आणि खुर्च्या तिन्ही बाजूंनी लावा. सगळ्याच मुली खालून जातील, कोणी वेगळी पडणार नाही.

हॉल देशपांडे सभागृह असो, सुरेश भट असो की मोहल्ल्यातलं समाजभवन, जजने स्वतः एकदा जाऊन मेकअपच्या खोलीपासून टॉयलेटपर्यंतचा रस्ता बघावा. दार ९०० मिलीमीटर रुंद हवं. तुम्ही बोलताना बसून बोला, तिला मान वर करून बघायला लावू नका. तिच्या खुर्चीला हात लावायचा नाही, खुर्चीवर वाकून उभं राहायचं नाही, न विचारता ढकलायचं तर नाहीच.

१४. "ही तर धडधाकट दिसून राहिली, हिला काहून घेतलं?" असं पालक विचारतात.

आपल्या विदर्भात हा प्रश्न येणारच कारण इथे सिकलसेल खूप आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांना याच आजारावरच्या कामासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सिकलसेल कायद्यातल्या २१ मध्ये आहे (प्रश्न ३ बघा). मुलगी बाहेरून ठीक दिसते पण हाडात असा ठणका येतो की बोलता येत नाही. थंडी, पाणी कमी पडणं, दमणं यांनी तो उठतो, आणि आपली स्पर्धा नेमकी डिसेंबरात. त्यामुळे अशा मुलीला एसीच्या झोतात पातळ कपड्यांवर तास-तास बसवू नका, पाणी हाताशी ठेवा, शाल द्या, तिचा नंबर लवकर लावा. नंबर लवकर लावणं म्हणजे फेव्हर नाही, व्हीलचेअरवालीला उतार देतो तेवढंच ते आहे. पालकांना उत्तर आयोजकांनी द्यावं, "कागदपत्रं तपासलीत" एवढंच. तिचा आजार माईकवरून सांगायचा नाही.

चमकणाऱ्या लाईट आणि धुराच्या मशीनबद्दलही इथेच सांगते, फिट येणाऱ्या मुलीला लुकलुकते लाईट त्रासदायक ठरू शकतात आणि ऑटिझमवालीला डीजेचा धमाका सहन होत नाही. लाईट, धूर, डीजे तिन्ही बंद ठेवा.

१५. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा जयपूर फूट (कृत्रिम पाय) झाकून आली तर "आत्मविश्वास कमी" म्हणून मार्क कापावेत का?

अजिबात नाही. झाकायचं की दाखवायचं तिची मर्जी. नऊवारीत लपवून आली तरी ठीक, कॅलिपरवर मणी लावून आली तरी ठीक. सुरक्षिततेचं मात्र बघा. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकते, म्हणून खुर्चीवर बसणाऱ्या मुलीचा पदर पिनअप करून आतल्या बाजूला घ्यायचा, निऱ्या शिवून घेतल्या तर उत्तम. हे काम पार्लरवाल्या तायांनी आदल्या दिवशी खुर्चीवर बसवूनच करून बघावं, उभं असताना नीट नेसलेली साडी खुर्चीत बसल्यावर पूर्ण बदलते.

१६. स्टेजवर मुलगी पडली तर?

धावत जाऊन दंड धरून ओढू नका. जवळच्या एका माणसाने विचारायचं, "मदत करू का, कशी करू?" ती सांगेल. बऱ्याच जणींना पडून उठायची स्वतःची पद्धत असते. म्युझिक थांबवू नका, टाळ्या सुरू करू नका. परत पहिल्यापासून करायचंय का विचारा. मार्क पडल्याचे कापायचे नाहीत आणि उठल्याचे वाढवायचे नाहीत.

१७. मला फार लवकर रडू येतं, काय करू?

रडू येणं वाईट नाही, पण समोरच्या पोरीला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि मग ती तुम्हाला समजावत बसते. पाणी प्या, कागदावर लिहायला लागा. सावरत नसेल तर त्या फेरीत मार्क नंतर भरा, तेवढ्या भावनेत भरलेला आकडा बरोबर नसतो (कारण प्रश्न ६ मध्ये आहे).

१८. लहान मुलींचा गट असतो, सात-आठ वर्षांच्या. तिथे पण पहिली-दुसरी-तिसरी काढायची?

माझं मत 'नाही' असंच आहे. बारा वर्षांखाली नंबर काढू नका, प्रत्येकीला तिच्या सादरीकरणाबद्दल एक खरं वाक्य लिहून द्या, "तुझा नाच छान" असं सगळ्यांना एकच नको. जड मेकअप नको, मोठ्या बायकांसारखे कपडे नको, मध्येच कंटाळली तर जाऊ द्या. मुलाखत आईसमोर किंवा शाळेच्या बाईंसमोर, बंद खोलीत एकटीला कधीच नाही. फोटोची परवानगी पालकांकडून लेखी घ्या, आणि मुलीलाही विचारा, तिने नको म्हटलं तर नको.

१९. सगळ्यांनाच ताज द्यावा का? हरलेल्या मुली नाराज होतात.

अठराच्या वरच्या बायकांना स्पर्धा म्हणून बोलावलं असेल तर निकाल खरा लावा. सगळ्यांना एकसारखा ताज दिला की मुलींना लगेच कळतं की आपल्याला कोणी गंभीरपणे घेतलंच नाही. एकीने मला सरळ सांगितलं होतं, "ताई, मला हरायला पण चालते, पण खेळू तर द्या". भाग घेतल्याचं सर्टिफिकेट आणि सॅश सगळ्यांना द्या, ताज एकीलाच. बाकीच्यांना स्पर्धेनंतर आठवडाभरात फोनवर सांगा की काय चांगलं झालं आणि काय सुधारता येईल. हे कोणी करत नाही आणि मुलींना सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच.

२०. प्रायोजक म्हणतात पहिलं बक्षीस इलेक्ट्रिक व्हीलचेअर देऊ. चांगलंच आहे ना?

देऊ नका, म्हणजे बक्षीस म्हणून देऊ नका. विचार करा, मग जज म्हणून तुम्ही ठरवताय की कोणी हिंडायचं आणि कोणी घरी बसायचं. अंगोलात २००८ मध्ये भूसुरुंगात पाय गमावलेल्या बायकांची मिस लँडमाईन स्पर्धा झाली, बक्षीस कृत्रिम पाय. जगभर वाद झाला, आणि पुढच्या वर्षी कंबोडियाच्या सरकारने तिथली स्पर्धा होऊच दिली नाही. काठी, खुर्ची, कानाचं मशीन या गरजेच्या वस्तू आहेत आणि केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात, त्याचे फॉर्म भरायला हॉलबाहेर टेबल लावा, जिंको किंवा हरो. बक्षिसात रोख रक्कम, कोर्सची फी, फोटोशूट असं काही ठेवा. प्रायोजकाला खुर्ची द्यायचीच असेल तर गरज असलेल्या सगळ्यांना द्या, स्टेजवर फोटो न काढता.

२१. पाहुणे माईकवर "बिचाऱ्या", "देवाची लेकरं" म्हणतात, किंवा चेष्टा करतात. जजने बोलावं का?

"बिचाऱ्या" म्हणणारे बहुतेक मनाने चांगले असतात, त्यांना कार्यक्रमाआधी चहा देताना सांगितलं तर ऐकतात. भाषण मुलींच्या फेरीच्या आधी उरकून घ्या, मध्ये घातलं की मुली तासभर ताटकळतात. चेष्टा मात्र वेगळी. लोकांसमोर अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. तेव्हा सूत्रसंचालकाला खूण करून माईक काढून घ्या, आणि मुलीला तक्रार करायची असेल तर साक्षीदार म्हणून नाव द्या.

२२. स्पर्धक माझ्या ओळखीची आहे. आणि टाय झाला तर?

नागपूर म्हणजे ओळखीचं गाव, धरमपेठेतली जज आणि महालातली मुलगी कुठेतरी जुळतेच. नुसती ओळख असेल तर सगळ्यांसमोर सांगा आणि पुढे चला. नातं असेल, तुमची विद्यार्थिनी किंवा पेशंट असेल तर त्या मुलीला मार्क देऊ नका, तुमच्या नंबराच्या जागी बाकी जजेसनी तिला दिलेल्या नंबरांची सरासरी धरा (नंबरांचं प्रश्न ५ मध्ये आहे). टाय झाला तर मुलाखतीचे मार्क जिचे जास्त ती पुढे, तेही सारखे निघाले तर दोघींना विभागून. चिठ्ठी टाकू नका.

२३. हे सगळं कशाला? त्यापेक्षा त्यांना नोकऱ्या द्या ना.

नोकऱ्या द्याच. पण हा प्रश्न बाकीच्या स्पर्धांना कोणी विचारत नाही, कॉलेजच्या गॅदरिंगला कोणी म्हणत नाही की आधी नोकरी बघा. नटावं, लोकांनी बघावं, आपलं नाव पुकारलं जावं ही इच्छा पंचवीस वर्षांच्या कुठल्याही मुलीला असते. वरोऱ्याच्या आनंदवनातलं स्वरानंदवन, म्हणजे तिथल्या अपंग कलाकारांचा ऑर्केस्ट्रा, ऐकायला लोक तिकीट काढून जातात कारण कार्यक्रम चांगला असतो, तसंच इथेही व्हायला पाहिजे. ज्यांना अशा स्पर्धा आवडत नाहीत अशा अपंग बायकाही मला माहिती आहेत, त्या म्हणतात आम्हाला दिसण्यावरून आधीच पुरेसं मोजलं जातं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून तर प्रश्न ४ मधला 'चेहरा' कॉलम काढायला मी भांडते.

२४. निकालानंतर पालक भांडायला आले तर स्कोअरशीट दाखवायची का?

तिची स्वतःची शीट तिला, म्हणजे मुलीला, दाखवा. दुसऱ्या मुलीची नाही. म्हणून शीटवर पेनाने लिहा, खाडाखोड केली तर बाजूला सही करा आणि प्रत्येक मार्कासमोर एक कारण असू द्या. जजने पार्किंगमध्ये उभं राहून वाद घालायचा नाही, तक्रार लेखी, आयोजकांकडे, सात दिवसांत. शीट वर्षभर जपून ठेवा, नंतर फाडून टाका कारण त्यावर मुलींबद्दल बरंच काही लिहिलेलं असतं. आणि निघायच्या आधी एकदा बघा की मौदा-सावनेरकडच्या मुलींची परतीची गाडी ठरलीय का, निकाल उशिरा लागला की शेवटची बस जाते.